अकरा सेकंदांचा फरक

लाल निशाण धरलेला हात खांद्यापासून पूर्ण वर जायला एकोणीस फ्रेम लागत होत्या. बाणाची कळ दाबत मी त्या एकेक करून मोजल्या होत्या. एका सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंदाहून किंचित जास्त. भोंगा सुरू झाला तेव्हा तो हात निघाला होता की पोचला होता, हे ठरवल्याशिवाय आवाजाची फाईल चित्राखाली कुठे बसवायची ते कळणार नव्हतं.

"झालं का गं शरयू?" मोघे सरांनी दारातूनच विचारलं. "की अजून हातच वर करतोय तो?"

"भोंगा ऐकून हात उचलतो तो. निघताना धरते."

"धर. पण आज धर. शनिवारी चौकशी आहे."

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, एप्रिलमधल्या एका बुधवारची. एम.एस्सी. झाल्यावर मी साताऱ्यात मोघे सरांच्या ऑफिसात लागले होते. कारखाने, खाणी, लग्नाची कार्यालयं, जिथे आवाजाची किंवा हादऱ्याची तक्रार असेल तिथे जाऊन मोजमाप करायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच आमचं काम. माणसं दोनच, सर आणि मी. निम्मं काम एकाच दगडाच्या खाणीचं होतं. सुरुंगांनी घरांना तडे जातात अशी खाणीखालच्या गावाची तक्रार होती, म्हणून आम्ही गावच्या पाण्याच्या टाकीवर एक यंत्र बसवलं होतं. सुरुंगाच्या दिवशी ते आपोआप सुरू व्हायचं आणि ऐकू येईल ते सगळं टिपून ठेवायचं.

त्या सोमवारी सुरुंगात एक माणूस गेला होता. तिमाप्पा धोत्रे, वय एकेचाळीस, पहारीने दगड सुटे करणारा. खाणीचं म्हणणं होतं की सुरुंगाआधीचे तिन्ही इशाऱ्याचे भोंगे वाजले आणि तिसऱ्या भोंग्यानंतर तो जेवणाचा डबा आणायला परत खाली उतरला. चौकशी अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. खाणीच्या ऑफिसच्या छतावर कॅमेरा होता, पण तो मुका. आवाज आमच्या टाकीवर होता. तेव्हा दोन्ही एकत्र करून द्या, असं खाणीने सांगितलं.

काम अवघड नव्हतं. खाणीपासून टाकी एक हजार छप्पन्न मीटर. त्या दिवशीच्या उन्हात आवाजाला तिथवर यायला तीन सेकंद लागतात. तेवढा आवाज मागे ओढला की पहिला भोंगा आणि निशाण जुळायला हवेत. ते जुळले. हात निघाला, भोंगा वाजला. निशाणवाल्याने निशाण कातळाच्या फटीत रोवलं आणि तो आडोशाला निघून गेला.

मग मी थेट शेवटाला गेले. पडद्यावर कडा उचलला गेला, धूळ उडाली, चित्र हललं. आवाज शांत होता. मी वाट पाहिली. धूळ बसायला लागली आणि तेव्हा कुठे सुरुंगाचा धमाका आला.

मी पुन्हा मोजलं. पहिल्या भोंग्यापासून सुरुंगापर्यंत आवाजात बारा मिनिटं वीस सेकंद होते. चित्रात बारा मिनिटं नऊ सेकंद.

"सर, अकरा सेकंद कमी पडतायत."

"कशात?"

"चित्रात."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्यांचा कॅमेरा म्हातारा झालाय. मधूनमधून फ्रेम गाळतो. मागच्या वर्षी नाही का चार सेकंद कमी पडले होते? तेव्हा काय केलंस?"

"आवाज दाबून बसवला."

"मग आता बसव की. अकरा काय नि चार काय."

मी आवाज दाबला. शंभराचे साडेअठ्ठ्याण्णव केले, सूर बदलणार नाही अशी खबरदारी घेतली. पहिला भोंगा निशाणाशी जुळला, धमाका धुळीशी जुळला. मध्ये काय होतंय ते मी पाहिलं नाही. दोन टोकं जुळली की मधलं जुळलेलंच असतं असं धरून चालायची आमच्याकडे पद्धत पडली होती. मग मी वाऱ्याची घरघर काढायची गाळणी लावली. ती ठरावीक पातळीखालचं सगळं छाटून टाकते. भोंगे स्वच्छ वाजू लागले, त्यांच्यामध्ये गच्च शांतता. अहवालावर 'जोडणी करणार' या ओळीपुढे मी सही केली आणि फाईल खाणीला गेली.

गुरुवारी सकाळी एक बाई आली. हिरव्या काठाची धुवट साडी, हातात कापडी पिशवी. सर बाहेर गेले होते. ती दारातच उभी राहिली.

"टाकीवरचं मशीन तुमचंच का?"

"हो. आपण?"

"मी यल्लव्वा. तिमाप्पाची."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"बाई, मला एकच इचारायचंय. मशिनात ठोका आला का?"

"कसला ठोका?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मी थट्टा करत नाही ना याची खात्री केल्यासारखं. मग पिशवी खाली ठेवली आणि मूठ वळून टेबलावर तीनदा आपटली. थांबली. पुन्हा तीनदा.

"असा. पहारीनं कातळावर. दुसरा भोंगा झाला की समदी वर येत्यात. कोण खाली अडकलं आसंल तर ते असा ठोका देतं. वरडून भागत न्हाई, खड्ड्यातनं आवाज वर येत न्हाई. लोखंडाचा येतो. सासऱ्यांच्या आधीपासनं हाय हे. ठोका आला की सुरुंग उडवायचा न्हाई, मान्सानं खाली उतरून बघायचं."

"आणि तुमचे मालक ठोका देतील असं तुम्हाला वाटतं?"

"पाय गुंतला आसंल तर देणारच की. खाणवाले म्हंत्यात डब्यासाठी मागं गेला." ती खालच्या आवाजात बोलत होती. "सोमवार हुता बाई. सोमवारी ते डबा न्हेत न्हाईत. उपास."

मी जोडलेली फाईल उघडली. तिला दिसणार नाही असा पडदा फिरवला आणि दुसऱ्या भोंग्यापासून तिसऱ्यापर्यंत हेडफोन लावून ऐकलं. काही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "ठोका नाही."

तिने मान हलवली. "नीट ऐकलंत?"

"नीट ऐकलं."

"मग त्यांचंच चुकलं म्हनायचं." तिने पिशवी उचलली. "सोमवारपास्नं दीर उभा राहनार हाय त्यांच्या जागी. त्येला सांगते, भोंग्याकडं ध्यान ठेव म्हनून."

ती जिना उतरून गेली. मी फाईल बंद करायला हात पुढे केला आणि तेव्हा मला गाळणी आठवली.

टाकीवरची मूळ फाईल उघडली. तिच्यात वारा होता, टाकीच्या झाकणाचा खडखडाट होता, लांब कुठेतरी म्हैस होती. दुसरा भोंगा वाजला, संपला. मी आवाज वाढवत नेला. भोंगा थांबल्यावर काही सेकंद वाऱ्याखेरीज काही नव्हतं. मग वाऱ्याच्या खाली, अगदी तळाशी, टक्, टक्, टक्. थोडं थांबून पुन्हा तीन.

मी ते सात वेळा ऐकलं. झाकण असं वाजत नाही. झाकण वाऱ्याबरोबर वाजतं. हे वाऱ्याची झुळूक थांबल्यावरही वाजत होतं. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेवर सहा टोकं होती, प्रत्येक तीनांतली अंतरं जवळजवळ सारखी.

मग मी बुधवारी करायला हवं होतं ते केलं. आवाज न दाबता, गाळणी न लावता, दोन्ही फाइली पुन्हा एकाखाली एक ठेवल्या आणि मधली जागा तपासायला घेतली. जे दिसतं आणि ऐकूही येतं असं काहीतरी हवं होतं. चार मिनिटं दहा सेकंदांवर शेवटचा टिपर खाणीबाहेर जाताना उंचवट्यावर आदळला आणि त्याचा मागचा फाळका धाडकन पडला. चित्रात चार मिनिटं दहा, आवाजात चार मिनिटं दहा. एका फ्रेमचाही फरक नाही. कॅमेरा फ्रेम गाळत असता तर इथे तीन-चार सेकंदांचा फरक दिसला असता. पुढे तिसऱ्या भोंग्याला बाभळीवरच्या साळुंक्या उडाल्या. तिथे फरक अकरा सेकंदांचा होता. सबंध अकरा.

फरक हळूहळू वाढत गेला नव्हता. तो एका जागी, एकदम पडला होता.

ती जागा सापडायला दुपार गेली. कातळात रोवलेलं निशाण वाऱ्याने डावीकडे फडफडत होतं. अकरा हजार दोनशे पंचाहत्तराव्या फ्रेममध्ये ते डावीकडे होतं, पुढच्या फ्रेममध्ये पूर्ण उजवीकडे. एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कापड एवढं फिरत नाही. सात मिनिटं एकतीस सेकंद. चित्रातल्या घड्याळात फक्त तास आणि मिनिटं होती, त्यामुळे वरून काहीच कळत नव्हतं. आवाजाच्या फाईलमध्ये याच ठिकाणी ठोका सुरू होत होता.

त्या अकरा सेकंदांच्या चित्रात काय होतं ते मला आजही माहीत नाही. कोणीतरी कड्याशी आलं असेल, कोणीतरी खाली वाकून पाहिलं असेल. एवढं नक्की, की ते पाहिल्यावर कोणाला तरी कापावंसं वाटलं. आणि ठोक्यानंतर तिसरा भोंगा व्हायला चार मिनिटं होती. चार मिनिटांत माणूस खाली उतरून परत येतो.

मग मला मागच्या वर्षीचे चार सेकंद आठवले. त्या मूळ फाइली मीच पुसल्या होत्या. यंत्रातल्या कार्डावर जागा लागते म्हणून.

सर संध्याकाळी आले. मी सांगायला तोंड उघडलं.

"सर, त्या खाणीच्या जोडणीत..."

"छान झालीय म्हणे. जगदाळ्यांचा फोन होता. उद्या येतायत." ते जोडे काढत होते. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. उद्या बोलू."

घरी निघण्यापूर्वी मी मूळ आवाजाच्या सीडीवर दोन प्रती केल्या.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला खाली जीप थांबली. जगदाळे खाणीचे व्यवस्थापक. पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी, बोलणं सावकाश. त्यांनी काखेतलं कलिंगड माझ्या टेबलावर, कीबोर्डाशेजारी ठेवलं.

"मॅडम, आमच्या मळ्यातलं हाय. घरी न्या. वडिलांना द्या." ते बसले. "काम लई झ्याक केलंत. भोंगे असे वाजत्यात, जसं कानापाशी. मोघे साहेब, ही तुमची पोरगी हुशार हाय."

"हुशार आहे, पण हात मोजत बसते," सर हसले.

"मोजावंच. मोजण्याचं तर खाता तुम्ही." जगदाळेही हसले. मग माझ्याकडे वळले. "मला एक सांगा मॅडम. त्या टाकीवरच्या डब्याला काय काय ऐकू येतं?"

"सगळंच येतं."

"बारीकसारीकबी?"

"हो."

"म्हंजे तिकडं खाणीत कोण शिंकलं तर?"

"शिंक नाही. लोखंड दगडावर आपटलं तर येईल."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. जगदाळ्यांनी कलिंगडावर पालथ्या बोटाने टिचकी मारली, पिकलंय का पाहावं तशी.

"मग अशा बारीक आवाजाचं काय करता तुम्ही?"

"गाळून टाकतो," सर घाईने म्हणाले. "गाळणी असते आमची. अहवालात फक्त मोठे आवाज."

"चांगलं करता." ते उठले. "ते टाकीवरचं कार्ड काय म्हणत्यात ते, ते आमच्याकडं द्या. चौकशी हाय, सांभाळून ठेवू. आन् मॅडम, तुमचे वडील रिटायर मास्तर ना? सकाळी रहिमतपूरच्या रस्त्याला फिरायला जात्यात, एकटेच. परवा बघितलं मी त्यांना. लई भरधाव गाड्या असत्यात त्या रस्त्याला. सांगा त्यांना, कडेनं चालत जा म्हणावं."

सरांनी यंत्राचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. जीप गेल्याचा आवाज आला.

"तुला काही सापडलंय," सर म्हणाले.

"हो."

"मला सांगू नकोस."

"सर, चित्र कापलेलं..."

"सांगू नकोस म्हटलं ना!" त्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. ते खिडकीपाशी गेले. "हे बघ, आपण आवाज मोजणारी माणसं. चित्र त्यांनी दिलं, ते त्यांचं. आपल्याला जोड म्हटलं, आपण जोडलं. उद्या तिथे फाईल लावतील, अर्ध्या तासात उठू."

"पण जोडणी चुकलीय."

"कोणाची?" ते वळले. "सही कोणाची आहे त्यावर? चूक निघाली तर ती तुझ्या सहीखाली निघेल. अडाण्यासारखा आवाज दाबला म्हणून तुला कोणी पुन्हा कामाला ठेवणार नाही. आणि हे ऑफिसही राहणार नाही. विचार कर."

मी विचार केला. दिवसभर केला. घरी जाताना कलिंगड टेबलावरच राहू दिलं. रात्री जेवताना वडिलांना म्हटलं, "उद्या फिरायला जाऊ नका."

"का गं?"

"ऊन फार आहे."

"पहाटे पाचला कसलं ऊन?" ते म्हणाले. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

चौकशी शनिवारी साडेदहाला, कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. लांबट खोली, मधोमध टेबल, भिंतीवर पांढरं कापड. एका बाजूला जगदाळे आणि खाणीची चार माणसं. दुसऱ्या बाजूला बाकावर यल्लव्वा आणि तिचा दीर. त्याने नवा शर्ट घातला होता, घड्या अजून तशाच होत्या. यल्लव्वाने मला ओळखलं आणि हात जोडले. मी तिला ठोका नाही म्हणून सांगितलं होतं, तरीही.

चौकशी अधिकारी पन्नाशीचे, बारीक चणीचे गृहस्थ होते. प्रत्येक कागद ते दोनदा वाचत.

"लावा," ते म्हणाले.

कापडावर हात वर गेला. पहिला भोंगा वाजला. सगळे पाहत बसले. टिपर गेला. त्याचा फाळका पडला तो आवाजाशी जुळत नव्हता, जवळजवळ चार सेकंद अलीकडेच वाजून गेला होता. मला ते ढळढळीत दिसलं. खोलीत दुसऱ्या कोणाला दिसलं नाही. दुसरा भोंगा. मग माझी शांतता सुरू झाली, मी स्वतः स्वच्छ केलेली. यल्लव्वा बाकावर पुढे वाकली होती. मान किंचित तिरकी करून ती ऐकत होती. चार मिनिटं ती तशीच बसून होती. तिसरा भोंगा झाला, साळुंक्या उडाल्या, कडा उचलला गेला. तिने डोळे मिटले नाहीत.

"तिन्ही भोंगे स्पष्ट आहेत," अधिकारी म्हणाले. "मधल्या काळात खालून काहीही इशारा नाही. धोत्रे, तुमच्या वहिनींनी अर्जात ठोका म्हणून लिहिलंय. तो काही इथे दिसत नाही."

दीर उभा राहिला. यल्लव्वाने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

"मग मयत स्वतः परत उतरला, असं नोंदवायला कोणाची हरकत?"

जगदाळे छताकडे पाहत होते. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं, मग काहीतरी आठवून आमचा अहवाल पुन्हा उघडला. त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.

"जोडणी करणार, शरयू गुजर. आल्यात का?"

मी उभी राहिले.

"दोन वेगळ्या फाइली आहेत या. चित्र एक, आवाज एक. पूर्ण जुळतात ना एकमेकांशी?"

"जुळतात साहेब," मोघे सर म्हणाले. "ती आमची नेहमीची पद्धत..."

"मी त्यांना विचारतोय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जगदाळ्यांनी मात्र मान वळवली. ते अगदी शांतपणे, ओळखीचं हसल्यासारखं करून माझ्याकडे बघत होते. पर्समधली सीडी काढून मी टेबलावर ठेवली.

"नाही साहेब," मी म्हणाले. "जुळत नाहीत. जुळाव्यात म्हणून मी आवाज दाबला आणि बारीक आवाज गाळून टाकले. ती माझी चूक आहे. चित्रातून अकरा सेकंद कापलेले आहेत, आणि या मूळ आवाजात त्याच अकरा सेकंदांत खालून ठोका येतो आहे. माझी सही मी मागे घेते."